परिच्छेद क्रमांक चौदा

सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच पडतो,
माझ्या टेबलावर एक समुद्र आला
टॅग लावून, दोन खंडांत.
शीर्ष : जैविक व पर्यावरणीय संशोधन.
उपशीर्ष : सागरी प्रयोगशाळा, मौजे आंबेरखाडी.
तपासायची वर्षे : तीन.

मी समुद्र पाहिलाय एकदा,
शाळेच्या सहलीत, चपला हातात धरून.
तेवढ्या अनुभवावर मी विचारलं :
एकाच वर्षात प्लवकांची जाळी तीनदा का घेतली?
बर्फाच्या चाळीस लाद्यांचं प्रयोजन काय?
होडी रात्री पावणेतीनला काढण्यास
सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी होती का?

उत्तर आलं बाविसाव्या दिवशी.
सही : निशिगंधा तांडेल, शास्त्रज्ञ, कंसात प्रभारी.
जाळी कालवांच्या खडकाला लागून फाटते.
बर्फ नमुन्यांसाठी; उरलेला कुणी खाल्लेला नाही.
ओहोटी पावणेतीनची होती.
ओहोटीनं परवानगी घेण्याची तरतूद
आम्हांस आढळून आली नाही.

शेजारचे ढोमणे हसले,
"लय तिखट आहे बाप्पा ही बाई. लाव पॅरा."
लावला.

खंड दोनमध्ये तिच्या नोंदवह्यांच्या छायाप्रती.
रोजचं पाणी : तापमान, खारटपणा, थेंबात जीव किती.
अकरा वर्षं. गौरीजेवणाच्या दिवशीही, मतदानाच्याही.
एका पानावर वेगळंच अक्षर, समासात :
"मॅडम बाळंतपणाच्या रजेवर. नमुना मी घेतला. पावसकर, शिपाई."
मग एका डिसेंबरपासून मार्चपर्यंत
प्रत्येक चौकटीत नुसती रेघ.

आमच्याकडे रेघ म्हणजे निरंक.
काही आलं नाही, गेलं नाही, बेरीज पुढे न्या.
नेतच होते,
तर पानाच्या तळाशी, पेन्सिलीनं,
छायाप्रतीत जेमतेम उमटलेलं :
रेघ म्हणजे शून्य नाही.
समुद्र होता. आम्ही नव्हतो.

अनुदान मंजूर : एप्रिल.
वितरित : पुढच्या मार्चची सत्तावीस.
एकतीसला अखर्चित म्हणून परत.
चार दिवसांत, रीतसर निविदा काढून,
गेलेला हिवाळा विकत घेता येत नाही
हे लिहायला आमच्या नमुन्यात रकाना नाही.

घरी जाताना नाग नदीच्या पुलावर स्कूटी थांबवली.
नदी म्हणायचं आणि पदर नाकाला लावायचा.
हीच पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला,
मग प्राणहिता, मग गोदावरी,
मग पूर्वेचा समुद्र. तांडेलबाईंचा नव्हे, पलीकडचा.
तिथंही कुणी पावणेतीनला बाटली बुडवत असेल,
माझ्या न्हाणीघरातला फेस मोजत असेल.
त्याचे पैसे कुणाच्या टेबलावर अडलेत,
कोण जाणे.

परिच्छेद चौदा मी वगळला नाही.
डिझेलच्या दोन पावत्यांना खरंच नंबर नाहीत.
पण बर्फ काढला, ओहोटी काढली,
आणि "अखर्चित"पुढे एक वाक्य वाढवलं :
विलंब कोणत्या कार्यालयात झाला.
ढोमण्यांनी ते दोनदा खोडलं.
मी तिसऱ्यांदा शाईनं लिहिलं.

पुराव्यादाखल तिनं एक बाटली पाठवली होती, सहपत्र सात.
खिडकीतल्या उन्हात धरली : नुसतं पाणी.
पुतणीनं कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला
तेव्हा काचेची कर्णफुलं, तुटकी चाळणी,
आणि आपल्याच पायात अडकलेलं काहीतरी केसाळ.
"आत्या, सरक ना," ती म्हणाली. मी सरकले नाही.

बाटली परत पाठवायची सोय नाही.
म्हणून जडवस्तू नोंदवहीत,
कूलर आणि पंचिंग मशीनच्या खाली, माझ्या अक्षरात :
समुद्र, पन्नास मिली, नग एक.
किंमत —